कच्चं बेणं

बोखारे मॅडमनी अकरा पानं दिली झेरॉक्सला.
मला वाटलं, चुकून खाडाखोडच उचलून आणली.
हळद शिजवायच्या ड्रमचं चित्र, नळ्यांवर फुल्या,
समासात बारीक अक्षर : हे मला अजून कळलेलं नाही.

“किती काढू?”
“वीस. आणि इथंच ठेव, काउंटरवर. नेऊ दे कुणालाही.”

म्हणलं, मॅडम, पक्कं होऊ द्या की आधी.
वसमतच्या मोंढ्यात कच्च्या हळदीला कोण विचारतं?
त्या सुट्टे पैसे मोजत होत्या.
“शिजवलेली हळद उगवते का, मुंजाजी?
बेणं कच्चंच ठेवावं लागतं.”

दोन महिने कुणी हात लावला नाही.
एका पानावर मी उधारी मांडली, खोटं कशाला बोलू.

मग कुरुंद्याचे खाजामियाँ वेल्डर आले,
तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, ये गलत है.
वाफ खालून नको, मधून सोडा.
आणि खिशातल्या खडूनं नळी तिथंच वळवली.
खडू झेरॉक्समध्ये उमटत नाही.
मी पेनानं गिरवली ती रेघ.
माझ्या हातून तेवढंच संशोधन.

औंढ्याच्या एका पोरानं ते पान नेलं,
दोन ड्रम जोडले शेजारी शेजारी,
एकाची उरलेली वाफ दुसऱ्याला.
लाकूड निम्म्यावर आलं, असं तो सांगायचा.
निम्मं नसेल. पण आलं.

त्या साली मॅडमची बढती अडली.
छापील काहीच नव्हतं त्यांच्या नावावर.

पुढच्या हंगामात जालन्याहून यंत्र आलं,
हिरवा रंग, कुणाचं तरी आडनाव ठळक,
किंमत विचारायची सोय नाही.
मी तणतणत गेलो त्यांच्याकडे.
त्या आल्या, साडी सावरून वाकल्या यंत्राखाली,
बराच वेळ वर आल्याच नाहीत.
“मधूनच आहे रे नळी,” म्हणाल्या,
गालाला काजळी,
आणि असा चेहरा, जसा माझ्या बहिणीचा
पोरगं पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा होता.

मग झाकणावर हात ठेवला. पटकन मागे घेतला.
“पेन आहे का?”

काल बारावं पान आलं दुकानात.
झाकण गळतं. का, ते माहीत नाही.
किती काढू, हे मी विचारलं नाही.