पाकळी

अख्खा, पाकळी, तुकडा, कणी.
पहिल्या दिवशी मुकादमबाईंनी शिकवलं
तेवढंच माझं व्याकरण.
अख्ख्याला भाव. पाकळीला त्याहून कमी.
कणी मिठाईवाला नेतो, पोत्यानं.

सोलायच्या खोलीत पंखा लावत नाहीत, साल उडते.
वेंगुर्ल्याचा मे महिना, सगळ्यांच्या पाठी भिजलेल्या
आणि मी एकटी पदर घट्ट ओढून.
"काय गो सुगंधा, थंडी वाजता?"
वाजत होती.

दिवसाला नऊ किलो सोलायची मी.
मग आठ. मग सहावर बोटं अडली.
माझं वजन वाढत गेलं, काजूचं घटत गेलं,
पगार मात्र दुसऱ्याच काट्यावर ठरतो.

कुडाळच्या डॉक्टरनं गळ्यावर दोन बोटं ठेवली,
म्हणाला, गिळा.
गिळलं. तोंडात काहीच नव्हतं.
म्हणाला, मीठ पाकिटातलंच खा, शिरोड्याचं सुटं नको.
रक्त कोल्हापूरला गेलं, जिथं मी कधी गेले नाही,
आणि तिसऱ्या दिवशी आकडा घेऊन परतलं.
साडेपाचशे रुपये.
दीड महिन्यानं पुन्हा तेवढेच.

योजनेचं कार्ड आहे.
काउंटरवरचा मुलगा चांगला, त्यानं दोनदा शोधलं.
"ऑपरेशन असलं तर बसेल, मावशी.
गाठ वाढली की या."

वाढली की या.

विमावाला आला, त्याला पाणी दिलं.
फॉर्म भरता भरता त्यानं माझ्या गळ्याकडं पाहिलं
आणि पेनाला टोपण लावलं.
फॅक्टरीच्या रजिस्टरात नऊ नावं आहेत,
सोलायला आम्ही बसतो एकेचाळीस.
बांबुळीला जा, कुणी सांगितलं;
तिथं खिडकीवर आधी
आधारवरचं राज्य वाचतात.

खरं सांगायचं तर गोळी महाग नाही.
महाग आहे, गोळी लागू पडतेय का ते विचारणं.
त्यात खाडा, एसटी, रक्त, परत खाडा.
म्हणून सहसा मी विचारत नाही.

फिलूला तोच आजार, तारामतीलाही.
तिघींत एक बाटली घेतो, शंभरच्या गोळीची.
डब्याच्या सुट्टीत ट्रेवर कागद पसरून ओततो.
चाळीस, चाळीस, चाळीस.
फिलूला पन्नास लिहिलीय, तारामतीला पंचाहत्तर,
मला अख्खी.
घेतो तिघी अर्धीच.
तारामती सोलायच्या सुरीनं फोडते,
एका दाबात, मधोमध, भुकटी न सांडता.
"पाकळी पडली गो," फिलू म्हणते, "भाव उतारलो."
हसताना तिच्या गळ्यातला क्रूस हलतो,
आणि त्याच्या वरचं तेही.

गणपतीच्या आधी एकदा गेले कुडाळला.
आकडा बघून डॉक्टरनं कपाळ चोळलं.
"गोळी रोज घेता ना?"
रोज घेते.
"मग पुरत नाहीय. सव्वाशेची देतो."
मी कागद चार घड्या करून बटव्यात ठेवला,
परतीच्या अर्ध्या तिकिटाशेजारी.

पहाटे पाचला, अनशापोटी.
अर्धा तास चहा नाही, बिस्कीट नाही, काही नाही.
पायरीवर बसते. बंदराकडून ट्रॉलरचं इंजिन ऐकू येतं,
खोकल्यासारखं, थांबतं, परत लागतं.
ह्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नाही.
सासूबाई आतून बघत असतात, रोज.
शेवटी परवा विचारलंच,
"कसला व्रत धरलंस गो? उद्यापन कधी?"
"ह्येका उद्यापन नसता," मी म्हटलं.
त्यांनी हात जोडले, माझ्याकडं बघून की तुळशीकडं,
कळलं नाही.

अजून अकरा मिनिटं.
चुलीवर चहाचं पाणी
उकळून उकळून अर्धं झालंय.