पाच कमानी

मीटरपट्टी पहिल्याच सकाळी
पिशवीत गेली.
मुझबानमामा हातानं मोजत होता,
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक,
पुन्हा एक, पुन्हा एक,
उरलेलं वितीत.
"तुझ्या पट्टीला घाम येतो का?"
बसऱ्यात पाच वर्षं शिकून आलेली मी
पाण्याकडे बघत राहिले.

मागे बांधावर सरकारी सभागृह आहे.
सिमेंटच्या विटा, वर पत्रा.
जुलैत आत शिरलं की
माणूस भाकरीसारखा फुगतो.
तीन वर्षांत एकच सभा झाली तिथं,
तीही किल्ली कुणाकडे आहे यावर.
हल्ली तिथं पंपाचे सुटे भाग राहतात
आणि एक कुत्री, पिलांसकट.

म्हणून बोरू.
म्हणून मुधीफ, आल्यागेल्याचं घर,
जिथं कॉफीच्या चुलीभोवती भांडणंसुद्धा
बसून करतात.

हे पाणी एकदा नेलं होतं.
आटलं नव्हतं, नेलं होतं.
तळ भेगाळला, बेटं जळाली,
माणसं ट्रकमधून गेली.
हिलेवामावशीनं गाठोड्यात
भांडी घेतली नाहीत,
बोरूचा एक कंद घेतला. "पाणी आलंच तर."
शहरात, परक्याच्या गच्चीवर,
तेलाच्या डब्यात
तो अकरा वर्षं हिरवा राहिला.

आता पाणी आहे, पण खारट.
पूर्वी नावेतून हात लांबवला की बोरू लागायचा,
आता तीन तास वल्हवायचं.
बोरू डोक्याएवढा होतो
आणि थकतो.
आम्ही उंच तेवढा निवडून कापला,
चाळीस दिवस,
तळव्यांना चिरा, चिरांत मीठ.

मग मोळ्या. बुंध्याला कवेत न मावणाऱ्या,
शेंड्याला मनगटाएवढ्या.
खड्ड्यात रोवायच्या बाहेर झुकवून,
रुसलेल्या दोन रांगा जणू,
आणि मग दोर टाकून
ओढत आणायच्या एकमेकींकडे,
शेंडे भेटेपर्यंत.
खिळा एकही नाही.
मामा वर बसून गाठ मारताना
कुणी बोलायचं नाही.

कमानी विषमच हव्यात.
"का?"
"वडिलांना विचारायला हवं," मामा म्हणाला,
"ते नजफला आहेत, मातीखाली."

माझ्या आराखड्यात सात होत्या.
सहावी उभी राहिली
आणि बोरू संपला.

त्या रात्री झायर अब्बूद म्हणाला,
"सहाच राहू देत. कोण मोजतंय?"
"मी," मामा म्हणाला
आणि झोपायला गेला.

सकाळी त्यानं सहावी सोडली.
दोर सुटताना कमान
उठून बसावं तशी सरळ झाली.
तिच्या अंगातला बोरू उरलेल्या पाचांत भरला,
काहींच्या चटया झाल्या,
एक कांडं राहिलं.
पोरांपैकी कुणीतरी ते तिरकं तासलं,
काजळीत बुडवलं.
मामाला अक्षर येत नाही.
त्यानं माझ्या आराखड्याच्या पाठीवर
पाच अर्धवर्तुळं ओढली,
थरथरती, पण नेमकी.
ज्यानं घर बांधतात
त्यानंच लिहितात, हे मला
कुठल्याच तासाला सांगितलं नव्हतं.

घर लहान झालं.
गुडघ्याला गुडघा लागतो.
बायका पूर्वी बाहेर थांबायच्या;
हिलेवामावशी पहिल्याच दिवशी
चुलीजवळ जाऊन बसली,
आणि तिला ऊठ म्हणायला
मध्ये वाटच नव्हती.

"किती टिकेल?"
"पंधरा वर्षं."
माझा चेहरा पडला असावा.
"टिकलंच असतं कायमचं," तो म्हणाला,
"तर बांधायला शिकलं कोण असतं?"
पोरांना तो अजून गाठ दाखवतोय.
त्यांची सुटते.
तो हसत नाही,
पुन्हा दाखवतो.

काल एका म्हशीनं
मागच्या भिंतीचा कोपरा खाल्ला.
आम्ही ओरडत धावलो.
मामा जागचा हलला नाही.
"म्हणजे माल चांगला आहे," म्हणाला.

बांधावरचं सभागृह
अजून एकाही म्हशीनं चाखलेलं नाही.