पाचवा

पिचपाइप म्हणजे पेढ्याएवढं बाजं.
नोएल सरांच्या बायकोनं रुमालात बांधून आणून दिलं,
म्हणाली, "मंगळवारी सातला येतात सगळे.
तुम्ही फक्त हात हलवा."

फक्त हात.
तीस वर्षं मुलींना शिकवलं, सा लावा, डोळे मिटा,
हात आपोआप जातो आवाजामागे,
गाईमागे वासरू जातं तसा.
इथे हात आधी, आवाज मागून.
चौदा पुरुष माझ्या मनगटाकडे बघत उभे
आणि मनगटाला काही माहीत नाही.

मोहननगर. शाळेतला ड्रॉइंगचा वर्ग,
भिंतीवर पोरांनी काढलेली संत्री,
खिडकीत कूलर, काळी एकच्या किंचित खाली घुमणारा.

सगळ्यात वर शब्बीर. त्याचं खरंच सलून आहे, मोमिनपुऱ्यात.
या गायकीचं नाव सलूनवरून पडलं हे कळल्यापासून
स्वतःला घराण्याचा वारस समजतो.
चाल अय्यासामीकडे, कामठीहून दोन बस बदलून येतो.
तळाशी गजभिये, अजनीच्या लोको शेडमधले फिटर,
इंजिनाच्या पोटाला कान लावून दुखणं सांगायचे;
खर्ज लावला की बाकाचे खिळे वाजतात.
आणि मधे बोकडे, पोस्टातले.
त्यांच्या वाट्याला बाकीच्यांकडून उरलेले स्वर.
घरी एकटे म्हणून दाखवतात तेव्हा बायको विचारते,
"हे गाणं होय, का पत्ता वाचून रायले?"

आमच्यात सा, ग, प, कोमल नी
रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे, एकामागून एक.
इथे चौघं एकाच बाकावर, मांडीला मांडी,
आणि कुणी कुणाच्या अंगावर पडायचं नाही.
तीन मंगळवार मी पेटी घेऊन गेले.
चौथ्याला गजभिये म्हणाले,
"मॅडम, पेटीचा गंधार वर बसून रायला ना जी.
आमचा बरोबर होता."

रागावले. घरी येऊन तानपुऱ्याची खोळ काढली.
प, सा, सा, सा.
रात्री उशिरा तो आला, गंधार,
कुठल्याच तारेवर न लावलेला,
गुरुजी ज्याला स्वयंभू म्हणत.
पेटीपेक्षा केसभर खाली.

पाचव्या मंगळवारी पेटी नेली नाही.
मे महिना. सव्वासातला लाइट गेली.
कूलर थांबला तेव्हा कळलं,
इतके दिवस सगळे त्याच्याच आधारानं उभे होतो.
अंधारात माझे हात कुणाला दिसेनात,
म्हणून मी श्वास घेतला, जरा मोठ्यानं.
चौदा छात्या त्याच्यासोबत वर आल्या.
शेवटच्या 'होम'च्या आधीचा लांब 'गो':
गजभिये सा धरून, अय्यासामी पंचमावर,
शब्बीर गंधारावर, केसभर खाली,
बोकडे चाचपडत कोमल निषादापर्यंत पोचले, आणि
वर, पंख्याच्या पात्यापाशी कुठेतरी,
पाचवा वाजला.
ओल्या बोटानं पेल्याची कड घासावी तसा.
गजभियेंनी मान वर केली,
इंजिनातून अनोळखी आवाज यावा तशी.
"कोन होय बे तो?" शब्बीर कुजबुजला,
त्याचा सूर सुटला,
आणि तोही गेला.
'होम' म्हणायचं राहूनच गेलं.

पुढचे दोन मंगळवार आला नाही.
बोकडे म्हणाले, "मॅडम, लाइट बंद करून पाहाची का?"
पाहिली. डास चावले.

आता रोज सकाळी आरशासमोर हात शिकते.
उचलणं जमतं.
खाली कधी आणायचा ते जमत नाही.
नोएल सरांना कसं कळायचं, त्यांच्या बायकोला विचारलं.
ती चहा गाळत होती.
"त्यांना?" म्हणाली. "खांदा दुखायला लागला की आणायचे."