शेवटचा रकाना

बी.ए.ला शेहेचाळीस टक्के.
सीईटीला अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल.
दोन्ही कागद माझेच आहेत, साहेब.
फोटो बघा, तोच तेलकट भांग.

खानापूर कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान,
तीन वर्षं कॉलेजच्या वेळात मी तिथं.
काचेवर पालथी पडायची
वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, काजूच्या एका झाडावरून भांडणं,
अर्धी कानडीत, अर्धी मोडक्या इंग्रजीत.
हिरवा उजेड सरकायचा,
तेवढ्यात एक परिच्छेद व्हायचा वाचून.

हलगेकर वकील एकदा खेकसले,
"काय वाचूलीस गे? पानं मोज."
म्हटलं, पान चार आणि पान नऊ जुळत नाहीत.
त्यांनी चष्मा पुसला.
आत जाऊन पुढची तारीख घेतली.

आता फॉर्म विचारतो, गाव सीमाभागात येतं का?
येतं. गावच अर्ज करून बसलंय
माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून.

शेवटचा रकाना : गुण कमी असल्यास कारण.
दोनशे अक्षरं.
लिहिते, खोडते. पुन्हा लिहिते,
"दुकान" एवढंच राहतं.

मग गुणपत्रिका काचेवर पालथी घालते,
दोन प्रती काढते,
आणि गल्ल्यात
माझेच चार रुपये टाकते.