पांढऱ्यावर पांढरं

रिक्षावाल्याला म्हटलं, व्हाइट चर्च.
तो म्हणाला, चौराहे पे छोड़ूँ के आगे?
म्हटलं, चर्च. खरंखुरं. पांढरं.
त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं,
हाँ भिया, है तो सही एक अंदर.

पुतणीचं लग्न काल उरकलं.
गाडी रात्रीची,
आणि तंत्रनिकेतनात एकवीस वर्षं
प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन शिकवलेल्या माणसाला
कमान दिसली की पुढे जाववत नाही.

पांढऱ्या इमारतीचं दुखणं असं
की कॅमेऱ्याचा तिच्यावर विश्वास बसत नाही.
एवढं पांढरं काही असेल हे त्याला पटतच नाही,
तो तिला राखाडी करून मोकळा होतो.
मग आपण चाक फिरवायचं, दीड घर पुढे,
समजूत घालायची: बाबा रे, असतं.

मनोऱ्याचं वेगळंच.
खालून कॅमेरा उचलला की भिंती वर वर जवळ येतात,
मनोरा मागे रेलतो,
पंगत उठल्यावर लोडाला टेकलेल्या व्याह्यासारखा.
सरळ हवा तर लांब जा.
लांब गेलो तर तारा, गुलमोहर,
पहिल्या नंबरात आलेल्या मुलांचे फोटो लावलेला क्लासचा फलक
आणि मधोमध, थेट दारासमोर,
एक निळी स्कूटर.

ती नाही हलायची, मागून आवाज आला.
पास्टरसाहेब खंडव्याला गेलेत, किल्लीसकट.

मराठीत.
हातात खराटा. सुवार्ता दुशिंग, माहेर राहुरी.
लेन्सकडे बघून म्हणाली,
तुमचा हा भोंगा किती लांबचं बघतो?

आमचे हे चुना मारायचे इथं.
घंटेच्या खिडकीत, आतून, डाव्या अंगाला
माझं नाव काढून ठेवलंय म्हणायचे.
कशानं?
चुन्यानंच. दुसरं काय होतं हातात.
मला वर चढले की घेरी येते.
आता ते जाऊन बावीस वर्षं झाली.

मी तिला सांगितलं, शिकवतो तसंच:
पांढऱ्यावरचं पांढरं समोरच्या उजेडात दिसत नाही.
ऊन तिरपं व्हायला हवं,
भिंतीला घासत जायला हवं,
तेव्हा कुठे उंचवट्याची सावली पडते.
कधी होईल?
साडेचारच्या सुमाराला.
मग बसा, म्हणाली.

बसलो.
तिनं चहा केला, आलं जास्त.
कमानींबद्दल मी बरंच काही बोललो
आणि तिनं ते कोथिंबीर निवडता निवडता ऐकलं.
प्रत्येक खांबाला तिनं फडकं मारलेलं होतं,
खालून तिच्या हाताच्या उंचीपर्यंत.
त्याच्या वरचं तिला माहीत नव्हतं.

साडेचारला मी जमिनीवर उताणा झालो.
श्वास धरून सात फोटो काढले.
कबुतराची वीट. तुटका दोर. चौकटीची कड.
कडेच्या आत, सावलीच्या बारीक रेघेनं उचललेलं
काहीतरी.

तिनं पदरानं चष्मा पुसला.
मी पडद्यावर बोटानं मोठं करत गेलो,
मोठं, अजून मोठं,
ठिपके सुटे व्हायला लागेपर्यंत.
हा बघा, म्हणाली. उकार.
त्यांचा उकार असाच, शेपूट लांब.

मला पोपडा दिसत होता.
एकवीस वर्षं पोरांच्या रेघा तपासल्यात मी,
पोपडा कळतो मला.
पुन्हा पाहिलं.
पोपड्याला शेपूट होतं, हे खरं.

पत्ता द्या, छापून पाठवतो, म्हटलं.
तिनं खराटा उचलला.
नको. कागद पिवळा पडतो, म्हणाली,
तिथं दर नाताळाला नवा चुना मिळतो.

आणि झाडत गेली,
स्कूटरला वळसा घालून.