पाठमोरे

होडीत आम्ही आठ जण पाठमोरे बसतो.
जिकडे जायचं तिकडे पाठ,
जे सुटलं तेवढंच डोळ्यांसमोर:
धक्का, शेडचा पत्रा, शाळेचा मनोरा,
मग नुसतं धुकं.

पुढचं दिसतं ते नवव्याला.
तो वल्हं मारत नाही.
सुकाणूच्या दोन दोऱ्या मुठीत धरून
मागच्या टोकाला बसतो
आणि ओरडतो.

एरुएरा आमचा कॉक्स.
अठ्ठेचाळीस किलो,
त्यातला किलोभर तरी नुसता तोरा.

मी त्याच्या समोर,
गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.
दोन वर्षं मी वांगानुई नदी पाहिली
ती त्याच्या तोंडावर.
डावी भुवई चढली की पुलाचा खांब.
ओठ मुडपले की ओंडका वाहत येतोय.
नाकपुड्या फुलल्या की समजायचं,
शेजारची होडी मागे पडली.
हे त्याने कधी सांगितलं नाही.

पहाटे पाचला बूट हातात घेऊन निघायचो,
मिस्टर पेनहॅलिगनच्या दाराबाहेरची फळी
सगळ्या वसतिगृहाला चुगली करायची.
सातला परत. जेवणघरात टोस्टचे ढीग,
आम्ही आठ जण तुटून पडायचो.
तो एक सफरचंद घ्यायचा
आणि इतकं सावकाश खायचा
की लॅटिनच्या तासाला बिया खिशात असायच्या.

जुलैच्या सुट्टीत राएतिहीला आत्याकडे गेला
आणि ब्लेझरच्या बाहेर मनगटं घेऊन आला.
शेडमधल्या काट्यावर चढण्याआधी
त्याने बूट काढले.
पुढच्या आठवड्यात घड्याळ.
त्याच्या पुढच्या आठवड्यात डोक्याचा गोटा करून आला.
काट्याला काय त्याचं!
मिस्टर पेनहॅलिगनने वहीत आकडा लिहिला
आणि वही जरा लवकरच मिटली.

मार्चमधली शर्यत. शेवटचे पाचशे मीटर.
'आता!' म्हणायला त्याने तोंड उघडलं
आणि आवाज निघाले दोन,
एक त्याचा,
एक कुणाच्या तरी बापाचा.
मागे सिओनेला हसू आलं.
हसू वल्ह्यांतून पसरतं, हे तेव्हा कळलं:
आठ पाती, आठ तऱ्हा.
चौथे आलो.

कंठ फुटला, म्हणतात.
अंकुर फुटतो तसा
की बांध फुटतो तसा,
ते ज्याचं त्याला ठाऊक.
मी समोर होतो, तरी मला नाही कळलं.
त्या तोंडावर तेव्हा नदी नव्हती.

परतताना बसमध्ये कुणी काही बोललं नाही.
मिस्टर पेनहॅलिगन सँडविच वाटत आले,
आम्हाला एकेक,
त्याला दोन.
त्याने दोन्ही खाल्ली.
मग माझं अर्धं मागितलं.

आता आमच्या समोर बार्नबी बसतो.
नववीतला, चिमणीएवढा.
त्याला सगळ्याचीच भीती वाटते,
भुवया कायमच्या वर.
त्याच्या तोंडावर बघावं तिकडे
पुलाचे खांब.

एरुएरा दुसऱ्या होडीत, तिसऱ्या जागी,
हाताला फोड आलेले,
आमच्यासारखाच पाठमोरा.
सकाळी त्यांना मागे टाकलं
की तो दिसू लागतो.
दोन वर्षांत प्रथमच पाहिली मी त्याची पाठ.
बरीच रुंद आहे.

वल्हं मारताना मान वळवायची नाही,
हा पहिला धडा.
तो वळवतो.
त्यांचा कॉक्स खेकसतो, तरी वळवतो,
पुढचं बघायची खोड जात नाही.

काल तशीच वळवली.
धुकं होतं. बार्नबी नेहमीसारखा घाबरलेला.
आणि तिकडे, वीसेक हातांवर,
एक डावी भुवई चढली.

'खांब!' मी ओरडलो.
बार्नबीने दोरी ओढली,
आणि दगडी खांब, शेवाळासकट,
माझ्या वल्ह्याला चाटून
मागे गेला.
म्हणजे माझ्या समोर आला.