उत्तरेकडची जाळी

पाचवी-ब, बेचाळीस पोरं, एक एस.टी.,
डब्यांत कळण्याची भाकरी, नाहीतर केळ्याचे वेफर.
तापीकाठच्या ह्या बागेला नगरपालिका उद्यान म्हणते,
गाव म्हणतं घुमटं.

दाराशी निळी पाटी. गंजानं निम्मी खाल्लेली.
उरलंय ते असं: वास्तूस इजा... तीन महिने... अथवा...
मी ती मोठ्यानं वाचून घेतो, दोनदा.
हात लावायचा नाही. नावं कोरायची नाहीत.
हो सर, म्हणतात सगळे,
बेचा पाढा म्हणावा तसं.

आत निंबाखाली घसरगुंडी,
घसरगुंडीला लागून थडगी,
झेंडूचे वाफे, कोरडं कारंजं,
त्यात एक कुत्री पिलांना घेऊन पसरलेली.
सुपडू माळी पाइप ओढत फिरतोय.
"बाबा, हाई कोनी कबर शे?"
"व्हई कोन्ही राजा," तो म्हणतो,
"माले इतलंच माहीत, आठे उन्हायामा गार लागस."

डबे उघडले तसा मी मागे सटकलो.
उत्तरेकडची जाळी, खालून तिसरा दगड.
डी.एड.ला होतो तेव्हा. खिशात कंपासचं टोक,
आणि कौतिक कारंज्यापाशी, पाठमोरी,
मैत्रिणीच्या वहीतलं काहीतरी वाचत.
'कौ' झाला होता. काना, दोन मात्रा, सगळं नीट.
'ति'ला टोक टेकवलं
आणि चौकीदाराची शिट्टी.
पळालो. चपलेचा अंगठा तुटला.
त्याच उन्हाळ्यात तिला साक्रीकडे दिली.
बरं झालं तिचं, मुलं शिकली, असं ऐकून आहे.

छत्तीस वर्षांत चुन्याचे किती हात बसले असतील.
बोटानं चाचपलं.
होता.
पण त्याच्या पुढे, दुसऱ्या कोणाच्या हातानं,
खोल, सावकाश,
ज्याला कोणी शिट्टी मारली नाही अशा हातानं
लिहिलं होतं: सर.

क्षणभर वाटलं, मलाच हाक मारतंय कोणी.
मग जोडून वाचलं.
कौसर.
वळण माझ्याहून चांगलं आहे.
माझी दोन मात्रांची सुरुवात
कोणाला तरी तयार मिळाली,
त्यानं ती वाया जाऊ दिली नाही.

"सर,"
खरंच कोणी मागे उभं होतं,
"हात लावायचा नाही ना?"

मी हात खिशात घातला. शिट्टी फुंकली. मोजलं.
एक्केचाळीस.

मोहित पावरा सापडला सगळ्यात धाकट्या थडग्याशेजारी,
गवतात उताणा, पाय जुळवून, हात अंगालगत.
मी ओरडणार, त्याआधी तोच म्हणाला,
"सर, हा माझ्यापेक्षा टीचभर लहान आहे.
पाचवीत पण नसेल."

सुपडूनं पाइप तिकडे वळवला,
थडग्याच्या उशाला सब्जा उगवलाय, त्याच्यावर.

गाडी भोंगा देत होती.
मी पुन्हा मोजायला घेतलं, बोट दाखवून, एकेक.
बेचाळीस.
बोट तिथं थांबायला हवं होतं,
ते गवतावरून पुढे गेलं
आणि मी ते परत ओढून घेतलं.